वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटरबोटीचे काटे आणि उपकरणे

जुनी मोटरबोट विकत घेतलेल्या किंवा वर्षानुवर्षे सांभाळलेल्या वाचकांची बरीच पत्रे एकाच विषयावर आली आहेत. डॅशबोर्डावरील काटे चुकीचे दाखवतात, काही मुळीच हलत नाहीत, आणि जुन्या उपकरणांच्या जागी नवी कोणती घ्यावीत हे ठरत नाही. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून सर्व उत्तरे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रणेपुरती आहेत. धक्क्यावरून बोटीत घेतल्या जाणाऱ्या घरगुती दाबाच्या विजेला यातील काहीही लावू नये. ते काम परवानाधारक तंत्रज्ञाचेच आहे.

प्रश्न : माझी सहा मीटर लांबीची फायबरग्लासची बोट वीस वर्षांहून जुनी असून तिला पेट्रोल इंजिन आणि स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत आणि प्रोपेलरचा भाग मागे बाहेर अशी रचना) आहे. दिवे लावताच इंधनाचा काटा जागा सोडतो, ट्रिमचे (ड्राइव्हचा कोन बदलणारे) बटण दाबले की तापमानाचा काटा उडी मारतो, आणि इंजिन चालू असतानाही व्होल्टमीटर बाराच्या आसपास घुटमळतो. सर्व काट्यांचा नवा संच बसवून टाकावा असे वाटते. ते योग्य ठरेल का?

उत्तर : इतक्यात नाही. आपण लिहिलेल्या लक्षणांतच निदानाचा मोठा भाग आलेला आहे. इंधनाचा सेंडर (माप घेऊन काट्याला संकेत देणारा भाग) टाकीत असतो, तापमानाचा इंजिनावर असतो आणि व्होल्टमीटरला तर सेंडरच नसतो; हे तिन्ही एकाच सुमारास स्वतंत्रपणे बिघडण्याची शक्यता फार थोडी आहे. त्यांच्यात सामाईक अशा दोनच गोष्टी आहेत : किल्लीच्या स्विचमधून येणारा पुरवठा आणि बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणारी अर्थची वायर. दुसरे एखादे उपकरण सुरू करताच काटे हलतात, याचा अर्थ त्या उपकरणाचा आणि काट्यांचा प्रवाह एकाच गंजलेल्या जोडातून जात आहे. दिव्यांचे काही अँपिअर त्या जोडातून वाहू लागले की तेथे अर्धा-पाऊण व्होल्ट खर्ची पडतो, गेजच्या, म्हणजे काट्याच्या मापकाच्या, अर्थ वायरीचा दाब बॅटरीच्या ऋण टोकापेक्षा तेवढ्याने वर उचलला जातो, आणि सेंडरचाच रोध बदलला असावा अशा रीतीने काटा सरकतो. अशा वेळी गेज स्वतः नीट काम करीत असते. त्याच्यापर्यंत पोचणारी वीजच खोटी असते. नवा संच याच जोडांवर बसवला तर तोही हेच दाखवील.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचून राहते. म्हणून इंजिनाचे झाकण उघडावे, तेथे पेट्रोलचा वास येतो का ते पाहावे, आणि वास नसेल तरच ब्लोअर (कप्प्यातील वाफ बाहेर फेकणारा पंखा) किमान चार मिनिटे चालवून मग चाचणी करावी. वास येत असेल तर कोणताही स्विच दाबू नये. गळती शोधणे हेच त्या दिवसाचे काम समजावे. इंजिनाच्या कप्प्यात ठिणगी पडू शकेल अशी कोणतीही चाचणी करू नये, आणि वायर सोडवताना किंवा जोडताना बॅटरीची ऋण तार आधी काढावी.

आता मोजमाप. साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. त्याचे काळे टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या खुंटीवर, टेकवावे. लाल टोक इंधनाच्या गेजमागील अर्थच्या स्क्रूवर टेकवावे. त्या स्क्रूशेजारी बहुधा ‘जी’ हे अक्षर असते. बॅटरीपर्यंत पोचेल एवढी लांब वायर मीटरच्या टोकाला जोडून घ्यावी लागेल. किल्ली चालू करून दिवे आणि ब्लोअर सुरू करावेत. मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवे. दोन-तीन दशांश व्होल्टच्या वर काही दिसले, तर तेवढा दाब परतीच्या वाटेवर वाया जात आहे. मग लाल टोक एकेक पायरी मागे आणावे : डॅशबोर्डामागील अर्थची पट्टी, तेथून इंजिनाकडे जाणारा प्लग, इंजिनाचा ब्लॉक, बॅटरीच्या जाड तारेचा लग (टोकाचा धातूचा जोड) आणि शेवटी क्लॅम्प. ज्या पायरीवर आकडा एकदम घसरतो त्याच पायरीवर दोष असतो. हीच पद्धत धन बाजूलाही वापरावी, म्हणजे बॅटरीची धन खुंटी आणि गेजमागील ‘आय’ अक्षराचा स्क्रू यांच्यामध्ये मोजावे. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकांनुसार नॅव्हिगेशनचे दिवे, बिल्ज ब्लोअर आणि मुख्य पॅनेलचा पुरवठा यांच्या वायरींत ३ टक्क्यांहून अधिक घट चालत नाही. बारा व्होल्टला ती ०.३६ व्होल्ट होते. कमी महत्त्वाच्या उपकरणांना १० टक्क्यांपर्यंत सवलत आहे. हा हिशेब जाण्या-येण्याच्या दोन्ही वायरींची एकत्र लांबी धरून करायचा असतो, हे पुष्कळजण विसरतात.

आपल्या बोटीसारख्या जुन्या स्टर्नड्राइव्हमध्ये मी सर्वांत आधी संशय घेईन तो इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधील गोल, अनेक पिनांच्या प्लगचा. डॅशबोर्डाचा संपूर्ण पुरवठा पुष्कळदा त्यातील एकाच पिनेतून जातो, आणि तो प्लग असतो नेमका इंजिनाच्या उष्णतेत व दमट हवेत. तो उघडून पाहावा. पिनांवर हिरवट कळंक चढला असेल किंवा एखाद्या पिनेभोवतीचे रबर तापून कडक व काळपट झाले असेल, तर कारण तेथेच मिळाले. पिना इलेक्ट्रिकल क्लीनरने आणि बारीक ब्रशने स्वच्छ कराव्यात, सैल झालेल्या पिना बदलाव्यात, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावावे आणि प्लग पूर्ण दाबून त्याची पकडपट्टी पुन्हा आवळावी. पिन जळली असेल तर नुसती घासून भागत नाही. पृष्ठभाग गेलेली पिन पुन्हा तापते.

व्होल्टमीटरचे निदान वेगळे करावे. बॅटरी काही तास स्वस्थ राहिल्यावर तिच्या खुंट्यांवर १२.६ ते १२.७ व्होल्ट मिळाले तर ती भरलेली आहे, १२.२ च्या आसपास ती अर्धी रिकामी झालेली असते. इंजिन १,२०० ते १,५०० आरपीएमवर चालत असताना खुंट्यांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. खुंट्यांवर हा आकडा मिळत असेल आणि डॅशबोर्डावर मात्र बाराच दिसत असतील, तर मधल्या वायरींत दोन व्होल्ट गळत आहेत. खुंट्यांवरही बाराच असतील तर दोष चार्जिंगचा आहे आणि डॅशबोर्ड खरे सांगत आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून ‘अल्टरनेटर चालतो का’ हे पाहण्याची जुनी युक्ती कृपया करू नये. त्यात अल्टरनेटरचे डायोड जळतात.

डॅशबोर्डामागे हात घातलाच आहे तर तेथील जुना पसारा निस्तरून घ्यावा. आधीच्या मालकांनी जोडलेले टेपरेकॉर्डर, हॉर्न आणि दिवे कधीच निघून गेलेले असतात, त्यांच्या वायरी मात्र मागे उरतात. कोणतीही वायर तोडण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावावी आणि एका कागदावर नकाशा काढावा. अमेरिकन पद्धतीच्या बोटींत किल्लीनंतरचा पुरवठा जांभळा, आरपीएमची वायर राखाडी, तेलाच्या दाबाची फिकट निळी, तापमानाची बदामी आणि इंधनाची गुलाबी असते. ऋण वायर काळी किंवा पिवळी असते. घरगुती दाबाच्या विजेतही काळी वायर वापरली जात असल्यामुळे गल्लत टाळण्यासाठी पिवळ्या रंगाला पसंती देण्यात आली. पण जुन्या बोटीतील रंगावर विसंबू नये, कारण मागच्या दुरुस्तीच्या वेळी हाताशी जी वायर होती ती लावलेली असू शकते.

डॅशबोर्डावर व्होल्टमीटरबरोबर जुना अँमीटरही असेल तर तो मात्र खुशाल काढून टाकावा. चार्जिंगचा सगळा प्रवाह जाड वायरीने डॅशबोर्डापर्यंत आणून परत नेण्याची ती रचना आता धोक्याचीच म्हणावी लागेल. मात्र तो काढल्यावर त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून गप्प बसू नये. तो जाड फेरा मुळापासून रद्द करून चार्जिंगची तार इंजिनापासून सरळ बॅटरीकडे न्यावी, आणि डॅशबोर्डाला स्वतःचा फ्यूज असलेला वेगळा पुरवठा द्यावा.

प्रश्न : टाकीतील इंधनाचा सेंडर बदलला. आता टाकी भरली की काटा जवळजवळ ‘रिकामी’ दाखवतो आणि टाकी रिकामी झाली की ‘भरलेली’. दुकानदार म्हणतो की सेंडर चांगला आहे.

उत्तर : दुकानदाराचे बरोबर आहे आणि आपलेही. जगात या सेंडरच्या दोन मुख्य पद्धती आहेत. अमेरिकन पद्धतीत टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरलेली असताना सुमारे ३० ओहम रोध असतो. युरोपीय पद्धतीत रिकाम्या टाकीला १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम. आपले गेज युरोपीय असून सेंडर अमेरिकन बसला आहे, असे लक्षणांवरून दिसते. दोन्ही एकाच पद्धतीचे करणे एवढाच उपाय आहे. वायरी उलटसुलट करून हा दोष जात नाही.

गेज कोणत्या पद्धतीचे आहे हे डॅशबोर्डावरच कळते. किल्ली चालू ठेवून गेजमागील ‘एस’ अक्षराची वायर काढावी. काटा ‘रिकामी’ या टोकाला गेला तर गेज अमेरिकन पद्धतीचे, ‘भरलेली’ या टोकाला गेला तर युरोपीय. नंतर ‘एस’ आणि ‘जी’ या दोन स्क्रूंना छोट्या वायरीने क्षणभर जोडावे; काटा विरुद्ध टोकाला जायला हवा. दोन्ही टोके नीट गाठणारे गेज बहुतेक वेळा चांगले असते. अमेरिकन गेजच्या त्याच दोन स्क्रूंमध्ये सुमारे १०० ओहमचा रेझिस्टर लावला तर काटा अर्ध्यावर यावा. ही चाचणी टाकीजवळ कधीही करू नये, डॅशबोर्डावरच करावी.

सेंडर पुन्हा काढावा लागणार असल्याने आणखी थोडे. त्याच्या गोल पट्टीला पाच छिद्रे असतात आणि त्यांतील अंतरे मुद्दाम असमान ठेवलेली असतात, त्यामुळे ती एकाच स्थितीत बसते. बसत नसेल तर जोर न करता फिरवून पाहावी. गॅस्केट पेट्रोलला टिकणारे असावे. दांड्याची लांबी टाकीच्या खोलीप्रमाणे जुळवून घ्यावी लागते, अन्यथा तरंगता गोळा तळाला टेकत नाही आणि शिल्लक इंधनाचा अंदाज चुकतो. सेंडरच्या पट्टीला किंवा टाकीला जोडलेली अर्थची हिरवी वायर अडगळ समजून सोडून देऊ नये. इंधन भरताना निर्माण होणारा स्थिर विद्युतभार तिच्याच वाटे निघून जातो. बोटीला सुकाणूच्या दोन जागा आणि इंधनाची दोन गेज असतील, तर त्यासाठी निम्म्या रोधाचा वेगळा सेंडर मिळतो. साधा सेंडर लावला तर दोन्ही काटे चुकतात.

एवढे करूनही या काट्यावर फार भिस्त ठेवू नये. बोटीची टाकी तळाच्या आकाराप्रमाणे खाली निमुळती असेल, तर काटा अर्ध्यावर आला तेव्हा इंधन अर्ध्याहून कमी उरलेले असते. बोटीचा पुढचा भाग उचललेला असताना सगळे इंधन मागे सरते, ते वेगळेच. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि एक तृतीयांश राखीव, हा जुना नियम अशा काट्यांचा अनुभव घेतलेल्या लोकांनीच केलेला असावा.

प्रश्न : तेलाच्या दाबाचा नवा सेंडर गळू नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉनची टेप भरपूर गुंडाळली. आता काटा शून्यावर आहे. सेंडर सदोष असेल का?

उत्तर : पहिल्यांदा इंजिन बंद करावे. दाब खरोखरच शून्य नाही याची खात्री यांत्रिक दाबमापक तात्पुरता बसवून केल्याशिवाय ते पुन्हा चालवू नये. दाब ठीक असेल तर दोष टेपचा आहे. एकाच वायरीच्या सेंडरची अर्थ जोडणी त्याच्या आट्यांमधून इंजिनाच्या ब्लॉकशी होते. टेपने ती तोडली की गेजच्या दृष्टीने वायर तुटल्यासारखीच असते. टेप काढून द्रवरूप सीलंटचा पातळ थर पुरे होतो.

तापमानाच्या सेंडरविषयीही याच ओघात सांगतो. तो पाण्याचे तापमान मोजतो. पाणीच नाहीसे झाले तर तो हवेत लटकतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा शांत राहू शकतो. म्हणून किल्ली फिरवल्यावर वाजणारा धोक्याचा बझर, त्याचा आवाज कितीही नकोसा वाटला तरी, जोडलेलाच ठेवावा. किल्ली चालू करून इंजिन सुरू होण्यापूर्वी तो वाजत नसेल, तर तोही दुरुस्तीच्या यादीत घ्यावा.

प्रश्न : चार सिलिंडरच्या इंजिनाच्या जागी सहा सिलिंडरचे बसवले. आरपीएमचा काटा आता अविश्वसनीय आकडे दाखवतो. पाण्यातील पंखा (प्रोपेलर) चुकीचा बसला आहे असे काहींचे म्हणणे आहे.

उत्तर : पंखा बदलण्यापूर्वी काटा तपासावा. चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात इग्निशन कॉइलकडून प्रत्येक फेऱ्याला चार सिलिंडरला दोन, सहाला तीन आणि आठला चार स्पंद मिळतात. गेज चारवरच राहिले असेल तर ते दीडपट दाखवील. इंजिन ३,००० वर असताना काटा ४,५०० वर असेल. आपले आकडे या प्रमाणात बसतात का ते पाहावे. गेजच्या मागे सिलिंडरची संख्या निवडण्याचा लहान फिरता स्विच असतो. बॅटरी सोडवून तो सहावर आणावा, आणि त्याआधी तो दोन्ही बाजूंना अनेकदा फिरवावा, म्हणजे आतील संपर्कांवरचा गंज निघेल. जुन्या बोटींत योग्य संख्येवर असलेला स्विचही केवळ या गंजामुळे काटा नाचवतो.

आउटबोर्ड इंजिनात हे स्पंद चार्जिंगच्या कॉइलकडून येतात आणि गेजवर ध्रुवांची निवड करावी लागते. बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरकडून प्रत्येक फेऱ्याला सहा स्पंद मिळतात. आउटबोर्डचा आरपीएम काटा अचानक मेला तर आधी रेक्टिफायर-रेग्युलेटर (चार्जिंगचा प्रवाह नियंत्रित करणारा भाग) तपासावा, कारण तो भाग गेल्याची पहिली बातमी पुष्कळदा हाच काटा देतो. डिझेल इंजिनात इग्निशन कॉइलच नसल्याने अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टोकावरून किंवा फ्लायव्हीलजवळील चुंबकीय पिकअपवरून स्पंद घेतात. तेथे पुलीचे प्रमाण धरून गेज जुळवावे लागते, आणि त्यासाठी प्रकाशकिरणावर चालणारा हातातला आरपीएम मीटर मिळाला तर काम सोपे होते.

प्रश्न : वेगाचा काटा कमी वेगात हलतच नाही आणि हल्ली जास्त वेगातही अडकतो.

उत्तर : जुन्या बोटींचा वेगमापक पाण्याच्या दाबावर चालतो. ड्राइव्हच्या पुढच्या कडेला बारीक छिद्र असते आणि तेथून नळी गेजपर्यंत येते. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटला तो सुमारे १३ किलोपास्कल असतो, तर ३० नॉटला सुमारे १२०. म्हणून कमी वेगात काटा निजलेला असणे हा दोष नाही, ती त्या रचनेची मर्यादा आहे. जास्त वेगात अडकण्याचे कारण बहुधा छिद्रातील चिखल किंवा शेवाळ असते. नळी आधी गेजपासून सोडवावी आणि मगच वरच्या बाजूने हवा मारावी. गेज जोडलेले असताना हवा मारली तर आतील नाजूक भाग फाटतो. जीपीएसचा वेग आणि हा वेग जुळत नसतील तर लगेच कोणाला दोष देऊ नये. जीपीएस जमिनीच्या तुलनेत मोजतो आणि ही नळी पाण्याच्या तुलनेत, त्यामुळे प्रवाहात दोन्ही आकडे वेगळे असणारच.

प्रश्न : सर्व वायरिंग नव्याने करायचे आहे. मोटारीची वायर चालेल का? जोड डाग देऊन करावेत की क्रिंप करून (लग वायरीवर दाबून)?

उत्तर : वायर बोटीसाठीचीच घ्यावी, म्हणजे अनेक बारीक तारांची आणि प्रत्येक तारेला कल्हई केलेली. साध्या तांब्याच्या वायरीत ओलावा तारांच्या फटींतून आवरणाच्या आत दूरवर चढतो. टोक कापले तरी तांबे काळेच निघते आणि त्यावर कोणताही जोड धरत नाही. घरातील एकेरी जाड तारेची वायर तर बोटीत वापरूच नये, कारण सततच्या थरथरीने ती वाकण्याच्या जागी तुटते.

जोडांच्या बाबतीत मी क्रिंपच्या बाजूचा आहे. डाग दिला की कथील तारांमधून वर चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि ताठ भाग जेथे संपतो तेथेच थरथरीने तार तुटते. शिवाय जोड तापला तर कथील वितळते. अमेरिकन मानकांनीही केवळ डागावर वायरीची पकड ठेवण्यास मनाई केली आहे. मात्र पक्कडीने दाबून चपटा केलेला लग म्हणजे क्रिंप नव्हे. पूर्ण दाब आल्याशिवाय न सुटणारे रॅचेटचे अवजार घ्यावे, लगचा आकार वायरीला जुळणारा घ्यावा, क्रिंप केल्यावर हाताने जोराने ओढून पाहावे, आणि वरून आतल्या बाजूला गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी बसवावी. स्क्रूखाली बसणारे लग उघड्या तोंडाचे न घेता बंद कड्याचे घ्यावेत, म्हणजे स्क्रू सैल झाला तरी वायर निसटत नाही. आवरणाला चिमटा मारून चालत्या वायरीवर दुसरी वायर जोडणारे मोटारीतील चिमटे जेथे दिसतील तेथून काढून टाकावेत.

फ्यूज उपकरणाजवळ असून भागत नाही. तो वायरीच्या रक्षणासाठी असतो, म्हणून वायर जेथून निघते तेथे, बॅटरीजवळ हवा. बिल्ज पंपाच्या स्वयंचलित स्विचचा पुरवठा मुख्य स्विचच्या आधी, स्वतंत्र फ्यूजमधून घ्यावा, म्हणजे बोट बंद करून गेल्यावरही पंप चालेल. पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यात बसणारा प्रत्येक स्विच, पंप, स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर पडू न देणारा, बोटीसाठी प्रमाणित असावा. मोटारीचा भाग दिसायला तसाच असला तरी त्याला ही सुरक्षितता नसते.

प्रश्न : बोटीबरोबर जुना लोरान संच (जमिनीवरील केंद्रांच्या रेडिओ संकेतांवरून स्थान ठरवणारा), एक जीपीएस आणि खोली मोजणारे यंत्र मिळाले आहे. जीपीएस स्थान बरोबर दाखवतो, पण तारीख जवळपास वीस वर्षे मागची. काय ठेवावे आणि काय काढावे? एकच मोठा पडदा लावून सर्व जुने काटे काढून टाकणे इष्ट आहे का?

उत्तर : लोरान काढावा. अमेरिकेने आपले लोरान-सी प्रक्षेपण ८ फेब्रुवारी २०१० रोजी थांबवले आणि नंतर इतरत्रही अशी बहुतेक केंद्रे बंद झाली. त्याची अँटेना आणि तारही काढावी, म्हणजे नव्या केबलला वाट मिळेल.

जीपीएसची तारीख चुकण्याचे कारण त्याच्या आठवडे मोजण्याच्या पद्धतीत आहे. मूळ संकेतात आठवड्यांसाठी दहाच बिट असल्याने मोजणी १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. असे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री घडले; पुढचा फेरा नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. उत्पादकाने नवे सॉफ्टवेअर दिलेले नसेल तर हा दोष जात नाही. स्थान वापरता येते, पण त्याच यंत्रातील भरती-ओहोटीचे किंवा सूर्यास्ताचे कोष्टक अजिबात वापरू नये.

खोली मोजणारे यंत्र चालत असेल तर ठेवावे. चालत नसेल तर प्रथम ट्रान्सड्यूसरचा (ध्वनिलहरी सोडणाऱ्या भागाचा) चेहरा पाहावा. त्यावर साधा तळरंग किंवा शेवाळाचा थर असेल तर ध्वनिलहरी बाहेरच पडत नाहीत. नवे यंत्र घेतले तर जुना ट्रान्सड्यूसर त्याला जुळेलच असे नाही, म्हणून दोन्ही बरोबर घ्यावेत. २०० किलोहर्ट्झ उथळ पाण्यात बारकावे दाखवते, ५० किलोहर्ट्झ खोलवर जाते. तळाला छिद्र पाडायचे नसेल तर घन फायबरग्लासच्या आतून ट्रान्सड्यूसर इपॉक्सीने चिकटवता येतो, पण मध्ये हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. तळाच्या दोन थरांमध्ये फोम किंवा लाकूड असेल तर ही युक्ती चालत नाही.

आता मोठ्या पडद्याविषयी. माझे मत असे की इंजिनाचे काटे ठेवावेत आणि पडदा त्यांच्या जोडीला घ्यावा. काट्याचा सुटा दोष सुट्या काट्यापुरता राहतो. पडदा बंद पडला की सर्वच माहिती एकदम जाते. जुन्या सेंडरचे संकेत एनएमईए २००० या बोटीतील उपकरणांच्या जाळ्यावर पाठवणारी रूपांतरक पेटी मिळते आणि ती जुन्या काट्यांना समांतर जोडता येते. पेटी त्यासाठी बनवलेली आहे याची आणि गेजच्या पद्धतीशी जुळते याची खात्री मात्र करून घ्यावी. या जाळ्याचे नियम मोजके आहेत : मधोमध एक मुख्य केबल, तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे एकेक टर्मिनेटर, प्रत्येक उपकरणाकडे जाणारी फांदी सहा मीटरपर्यंत, आणि जाळ्याला वीज लहान बोटीत एकाच ठिकाणी. पुरवठा बंद करून संकेताच्या दोन तारांमध्ये मोजल्यास ६० ओहम यायला हवेत; १२० आले तर एक टर्मिनेटर निसटला आहे. एनएमईए ०१८३ या जुन्या पद्धतीची उपकरणे यात थेट जोडता येत नाहीत. त्या जुन्या पद्धतीत एक यंत्र बोलते, इतर ऐकतात आणि वेग ४,८०० बॉड असतो. मात्र जुन्या जीपीएसचे स्थान बोटीच्या संपर्काच्या व्हीएचएफ रेडिओला देण्यासाठी तेवढ्या दोन तारा पुरतात. रेडिओला डीएससीचे (संकटाचा डिजिटल संदेश पाठवणारे) लाल बटण असेल, तर स्थानाची ही जोडणी आणि बोटीचा नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक (रेडिओवरील बोटीची ओळख), या दोहोंशिवाय ते बटण अर्धेच काम करते.

प्रश्न : सर्व दिवे एलईडी केल्यापासून रात्री व्हीएचएफवर आवाज अस्पष्ट येतो. दिवसा सर्व ठीक असते.

उत्तर : रेडिओ ठीक आहे, दिवे गोंगाट करतात. स्वस्त एलईडीमधील व्होल्टेज बदलणारे सर्किट रेडिओच्याच पट्ट्यात विद्युत गोंगाट सोडते. अमेरिकन तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबाबत जाहीर सूचना काढली होती. दिवे बंद ठेवून रेडिओ एखाद्या शांत चॅनेलवर लावावा आणि खरखर जेमतेम थांबेल इतकाच स्क्वेल्च (खरखर दाबणारी पातळी) ठेवावा. मग एकेक दिवा लावावा. ज्या दिव्याने खरखर परत येते तो दोषी आहे. अनेकदा तो मस्तूलावरचा, अँटेनाला अगदी खेटून असलेला दिवाच निघतो. तो बदलावा, किंवा निदान अँटेनापासून दूर न्यावा आणि त्याच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळून घ्याव्यात. नॅव्हिगेशनच्या दिव्यांत मात्र जुन्या घरात नुसता एलईडी बल्ब घालू नये. बाजूच्या दिव्यांचा ११२.५ अंशांचा आणि मागच्या दिव्याचा १३५ अंशांचा कोन त्या घराच्या आणि मूळ बल्बच्या रचनेवर ठरलेला असतो, म्हणून एलईडीसाठीच प्रमाणित झालेला पूर्ण दिवा बसवावा.